पेटीतलं, अंगावरचं आणि जमिनीवरचं : माइनक्राफ्टमधल्या भरून न येणाऱ्या चुका

माइनक्राफ्टचा सर्व्हायव्हल मोड पहिल्यांदा खेळायला बसणाऱ्याला सल्ल्यांची कमतरता नसते. सरळ खाली खणू नका, रात्री उघड्यावर थांबू नका, क्रीपर दिसला की मागे सरका, एंडरमनच्या डोळ्यांत पाहू नका. थोरला भाऊ, शाळेतले मित्र, यूट्यूबवरचे व्हिडिओ, सगळीकडून हेच ऐकू येतं. यातलं काही खोटं नाही. अडचण अशी की सगळ्या चुका एकाच तागडीत टाकल्या जातात. वाकडंतिकडं घर बांधणं हीही चूक आणि सगळं सामान अंगावर घेऊन लाव्हात पडणं हीही चूक. पहिली दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन दुरुस्त करता येते, दुसरी कधीच नाही. माझ्या मते नवख्या खेळाडूने शिकायचा पहिला धडा हा भेद ओळखण्याचा आहे. भरून येणाऱ्या चुका मनसोक्त कराव्यात, कारण खेळ त्यांच्यातूनच शिकवतो. भरून न येणाऱ्या चुका मोजक्याच आहेत, त्या आधी माहीत करून घ्याव्यात आणि सगळी सावधगिरी त्यांच्यासाठी राखून ठेवावी. कुठली चूक कुठल्या गटात पडते हे कोणाच्या मतावर अवलंबून नाही. खेळाच्या नियमांतच ते ठरलेलं आहे.

हे नियम खेळ स्वतःहून फारसे सांगत नाही. मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ च्या मे महिन्यात हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला आणि स्टॉकहोमच्या मोयांग कंपनीने १८ नोव्हेंबर २०११ रोजी त्याची पूर्ण आवृत्ती आणली. त्या काळात खेळाडूला एका अनोळखी जगात सोडून दिलं जाई, हातात काहीच नसे आणि काय करायचं हे फारसं सांगितलं जात नसे. कुठली वस्तू कशापासून बनते हे दाखवणारं पुस्तक खेळात आलं ते २०१७ मध्ये. तोवर लोक एकमेकांना विचारून शिकत होते, आणि ती सवय आजही टिकून आहे. २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. इतक्या लोकांचं शहाणपण ऐकीव पद्धतीने पसरतं तेव्हा त्यात जुनं, अर्धवट आणि दुसऱ्याच आवृत्तीला लागू पडणारं बरंच काही मिसळतं. म्हणून सल्ला पाठ करण्यापेक्षा त्यामागचा नियम समजून घेणं जास्त उपयोगाचं ठरतं. नियम कळला की सल्ला शिळा झाला आहे का, हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

सर्वांत महत्त्वाचा नियम मालमत्तेचा. तुमची प्रत्येक वस्तू कुठल्याही क्षणी तीनपैकी एका जागी असते: पेटीत, अंगावर किंवा जमिनीवर. लाकडी पेटीत ठेवलेली वस्तू कितीही दिवसांनी तिथेच सापडते. त्या पेटीला आठ फळ्या लागतात, म्हणजे झाडाच्या खोडाचे दोन तुकडे, आणि तिच्यात २७ खण असतात. अंगावरचं सामान तुम्ही जिवंत आहात तोवर तुमचं. मेलात की ते सगळं जागच्या जागी विखुरतं, म्हणजे जमिनीवरचं होतं, आणि जमिनीवरची वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. खाली लाव्हा असेल तर पाच मिनिटंही मिळत नाहीत. नेदराइट या धातूच्या वस्तू सोडल्या तर सगळं क्षणात जळतं. नवख्यांच्या हातून होणारं मोठं नुकसान तपासून पाहा, बहुतेक वेळा मूळ कारण एकच निघतं: जे पेटीत असायला हवं होतं ते अंगावर होतं. झोंबीशी नीट लढता न येणं हा त्यातला छोटा भाग आहे. लढाई हरलेल्या खेळाडूच्या अंगावर फक्त दगडी तलवार आणि चार भाकऱ्या असतील तर त्या हरण्याला काहीच किंमत नाही. अंगावर तीन दिवसांचं खोदकाम असेल तर तोच झोंबी तीन दिवस घेऊन जातो.

म्हणून खाणीत उतरण्याआधी खिसे रिकामे करायची सवय लावून घ्या. अंगावर एकंदर ३६ खण असतात, आणि खण रिकामे आहेत म्हणून सामान वागवत राहण्याचा मोह फार होतो. बेत लांबचा असेल तर आठ फळ्या सोबत घ्या आणि खाणीच्या तोंडाशी एक पेटी ठेवा. दर थोड्या वेळाने वर येऊन मिळालेलं लोखंड, सोनं, हिरे तिच्यात टाका. यात वेळ जातो हे खरं. पण जोखीम कशी साठत जाते ते पाहा. खाणीतल्या पहिल्या मिनिटाला मरण आलं तर काही जात नाही, चाळिसाव्या मिनिटाला आलं तर सगळं जातं. आणि चाळिसाव्या मिनिटाला मशाली संपत आलेल्या असतात, कुदळ झिजलेली असते, भूक लागलेली असते. धोका आणि किंमत दोन्ही एकाच वेळी वाढत असतात. पेटीपर्यंतची एक फेरी ही चढती रेघ पुन्हा शून्यावर आणते.

मरण आल्यावर होणारी चूक तर मरणापेक्षाही महाग पडते. सामान पाच मिनिटांत जाणार, एवढं कुठून तरी ऐकलेलं असतं, म्हणून खेळाडू बेडवरून उठतो आणि रिकाम्या हातांनी, अंधारात, धावत सुटतो. वाटेत पुन्हा मरतो, मग आणखी घाईने निघतो. इथे नियमाचा दुसरा अर्धा भाग माहीत असायला हवा. ती पाच मिनिटं त्या जागेच्या आसपासचं जग चालू असेल तेव्हाच मोजली जातात. खेळ संपूर्ण जग एकाच वेळी चालवत नाही. तुमच्याभोवतीचा काही भाग तेवढा जागा असतो आणि बाकीचा जणू गोठलेला असतो. मरण घरापासून काही शे ब्लॉक दूर आलं असेल आणि तिथे दुसरा खेळाडू नसेल, तर तुम्ही जवळ पोहोचेपर्यंत घड्याळ थांबलेलं असतं. म्हणजे धावत सुटण्याची गरज नसते. रात्र असेल तर झोपून घ्या, पेटीतून तलवार, खाणं, मशाली उचला, आणि मग निघा. घाई करायची ती त्या भागात शिरल्यावर. मरण घराजवळच आलं असेल तर मात्र घड्याळ चालू आहे असंच धरा. या सगळ्यासाठी बेडशेजारी एक राखीव पेटी हवी: दगडी तलवार, दगडी कुदळ, थोडं खाणं, दहा-बारा मशाली. हे जमवायला पाच मिनिटं लागतात. आणि कुठे मेलो हे कळायला जागेचे आकडे, म्हणजे कोऑर्डिनेट्स, हवेत. संगणकावरच्या जावा आवृत्तीत एफ-३ दाबलं की ते दिसतात, मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये ते दाखवण्याची सोय चालू करावी लागते. ती पहिल्याच दिवशी चालू करा.

बेडचा हिशेबही याच जातीचा. तीन लोकरीचे ब्लॉक आणि तीन फळ्या लागतात, आणि नवखे समजतात की बेड रात्र घालवण्यासाठी आहे. त्याचं मोठं काम दुसरंच आहे. मेल्यावर तुम्ही कुठे उठणार हे बेड ठरवतो. दूरच्या मोहिमेवर सोबत बेड घेणं शहाणपणाचं, पण रात्री तिथे झोपून सकाळी तोच बेड मोडून पुढे निघालात तर तुमचं उठण्याचं ठिकाण पुसलं जातं. घरचा जुना बेड आपोआप पुन्हा लागू होत नाही. त्यानंतर मेलात तर जगाच्या मूळ आरंभस्थानाजवळ उठाल, आणि घर तिथून हजारो ब्लॉक दूर असेल, तर एका मरणात सामानही गेलं आणि घरही हरवलं. घराचे कोऑर्डिनेट्स कागदावर लिहून ठेवले असतील तर ही चूक भरून येणारी ठरते, नसतील तर न येणारी. एका ओळीच्या टिपणाने चूक एका गटातून दुसऱ्या गटात जाते. खेळाशेजारी वही ठेवावी असं मी आग्रहाने म्हणतो ते यामुळे. तसंच, मोहिमेवरून परतल्यावर घरच्या बेडवर एकदा झोपा. खेळातले सलग तीन दिवस झोपला नाहीत तर आकाशातून फँटम नावाचे राक्षस झडप घालू लागतात, हेही एक कारण आहेच.

आता सरळ खाली खणण्याबद्दल. हा सल्ला सगळेच देतात, पण तो ऐकूनही माणसं खणतातच, कारण तसं खणलं तरी दहापैकी बऱ्याच वेळा काहीच होत नाही. न होणारी गोष्ट किती वेळा होत नाही यापेक्षा ती झाली तर काय जातं, हे इथे मोजायचं आहे. पायाखालचा ब्लॉक फुटला आणि खाली पोकळ गुहा असली तर तीन ब्लॉकांपलीकडच्या प्रत्येक ब्लॉकमागे अर्धं हृदय जातं; तुमच्याकडे पूर्ण दहा हृदयं असली तरी २३ ब्लॉकांवरून पडणं जीव घेतं. इतपत झालं तरी सामान गुहेच्या तळाशी सापडू शकतं. खाली लाव्हा असेल तर तेही नाही. पायऱ्या करत उतरा, किंवा दोन ब्लॉकांच्या मधल्या रेषेवर उभं राहून आळीपाळीने एकेक खणा, म्हणजे एकाखाली पोकळी निघाली तर दुसऱ्यावर पाय असतो. यावर अनुभवी खेळाडू म्हणतात की आम्ही तर सरळच खणतो, पाण्याची बादली हातात असली की झालं. त्यांचं बरोबर आहे. पडताना योग्य क्षणी पाणी ओतलं तर इजा होत नाही, आणि लाव्हाच्या स्थिर ब्लॉकवर पाणी पडलं की त्याचा ऑब्सिडियन हा कठीण दगड होतो. पण त्यांचं म्हणणं माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. त्यांनी धोका टाळलेला नाही, बादलीच्या रूपाने परतीची सोय आधी करून ठेवली आहे आणि ती वापरण्याचा सराव केला आहे. तो सराव रिकाम्या खिशांनी करा. पन्नास वेळा चुकला तरी बिघडत नाही.

पहिलं लोखंड मिळाल्यावर बहुतेक जण तलवार बनवतात किंवा छातीवरच्या चिलखतासाठी साठवत बसतात. मला ही चूक वाटते आणि तिचं कारण मोजून दाखवता येतं. छातीच्या चिलखताला आठ लगडी लागतात. त्याऐवजी सात लगडींचा हिशेब असा करा: तीन कुदळीला, तीन बादलीला, एक ढालीला. लोखंडी कुदळ हवी कारण दगडी कुदळीने हिऱ्याचा ब्लॉक फुटतो पण हातात काहीच येत नाही. हिरा कायमचा जातो. लाकडी कुदळीने लोखंडाचंही तेच होतं. बादलीचं काम वर आलंच. ढालीला एक लगड आणि सहा फळ्या एवढंच लागतं, आणि तिच्या बदल्यात स्केलेटनचे बाण अडतात, समोरून झालेला क्रीपरचा स्फोटही सोसता येतो. क्रीपर फुटायला सुमारे दीड सेकंद घेतो, तेवढ्यात ढाल वर येते किंवा मागे सरकता येतं. तलवार दगडाची चालते. मारण्याची ताकद थोडी कमी पडली तर लढाई लांबते, पण वाचण्याची साधनं नसली तर ती संपते.

उजेडाच्या बाबतीत जुन्या सल्ल्याने किती गोंधळ घातला आहे ते पाहण्यासारखं आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीने दोन मोठे बदल केले. आधी उजेडाची पातळी ७ किंवा त्याखाली गेली की राक्षस उगवत. आता ते जवळजवळ सगळे मशालीचा उजेड शून्य असलेल्या जागीच उगवतात. मशाल १४ पातळीचा उजेड देते आणि प्रत्येक ब्लॉकमागे तो एकाने कमी होतो. म्हणजे जुन्या व्हिडिओत सांगतात तशा पावलापावलावर मशाली रोवायची गरज राहिलेली नाही, पण घरातला एखादा काळोखा कोपरा किंवा छतावरची पडछाया मात्र अजूनही घातक आहे. दुसरा बदल जगाच्या खोलीचा. आधी जगाचा तळ शून्य पातळीवर होता आणि हिऱ्यांसाठी अकराव्या पातळीवर खणा असं सगळे सांगत. आता तळ उणे ६४ वर गेला आहे आणि हिरे जितकं खाली जावं तितके दाट होत जातात. उणे ५९ च्या आसपास खणणं फायद्याचं. आजही अकराव्या पातळीवर तासन् तास बोगदे खोदणारी मुलं आहेत, कारण त्यांनी पाहिलेला व्हिडिओ २०१६ चा असतो. व्हिडिओ पाहण्याआधी त्याची तारीख पाहा, एवढं तरी करा. मशालींची आणखी एक जुनी युक्ती मात्र शिळी झालेली नाही. खाणीत शिरताना सगळ्या मशाली उजव्या भिंतीला लावा. परतताना त्या डाव्या हाताला राहतील आणि कुठल्याही फाट्यावर घराची दिशा कळेल. कोळसा सापडत नाही म्हणून पहिल्या रात्री अंधारात बाहेर पडणारेही बरेच असतात. झाडाचं खोड भट्टीत भाजलं की लोणारी कोळसा मिळतो, मशालीला तो तितकाच चालतो.

भुकेबद्दल थोडक्यात. भुकेची पट्टी वीस गुणांची असते. ती अठरा किंवा वर असेल तर जखमा आपोआप भरत राहतात, सहापर्यंत खाली गेली की धावता येत नाही. ज्या क्षणी पळ काढायचा असतो नेमक्या त्याच क्षणी पाय उचलत नाहीत ते यामुळे. मोहिमेआधी पोटभर खा. खरी भरून न येणारी चूक वेगळीच असते: घराजवळच्या सगळ्या गायी-मेंढ्या पहिल्याच दिवशी मारून खाणं. राक्षस रोज रात्री उगवतात, गुरं तशी उगवत नाहीत. प्रत्येकी दोन तरी राखा, कुंपणात घ्या, गहू घाला. त्यांना वासरं-कोकरं होत राहतील. गव्हाच्या शेताला चार ब्लॉकांच्या आत पाणी असलं की माती ओली राहते, आणि त्या मातीवर उड्या मारल्या की पीक जातं.

नेदर या खेळातल्या पाताळासारख्या दुसऱ्या जगात हे सगळं एकदम कसोटीला लागतं. वरच्या जगात कमावलेल्या सवयी तिथे उलट्या पडतात, आणि तेही भरून न येणाऱ्या बाजूने. पाण्याची बादली ओतली तर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे तुमची मुख्य सोय गेली. बेडवर झोपायला गेलात तर तो स्फोट होऊन फुटतो, आणि तो स्फोट टीएनटीपेक्षाही जोरदार असतो. लाव्हा वरच्यापेक्षा वेगाने आणि दूरवर पसरतो, आणि खाली त्याचे समुद्र पसरलेले असतात, त्यामुळे कड्यावरून पडणं म्हणजे सामानासकट जाणं. म्हणून अरुंद वाटेवर आणि पूल बांधताना नेहमी दबकून चाला. तसं चालताना खेळ तुम्हाला कडेवरून पडू देत नाही. पोर्टल हीच तिथली परतीची वाट, आणि घास्ट या तिथल्या उडत्या राक्षसाच्या आगगोळ्याने ती विझू शकते. लोखंडाची एक लगड आणि गारगोटीचा एक तुकडा यांपासून बनणारी चकमक अंगावर असल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि पोहोचताच पोर्टलभोवती कॉबलस्टोनची खोली बांधा. तो दगड घास्टच्या माऱ्याने फुटत नाही, नेदरमधला लाल दगड मात्र सहज फुटतो. सोन्याची एक तरी गोष्ट अंगावर घाला, चार लगडींचे बूट पुरेत, म्हणजे तिथले डुक्करतोंडे साधे पिग्लिन हल्ला करत नाहीत. पण त्यांच्या समोर पेटी उघडलीत किंवा सोनं खणलंत तर बूट असूनही ते चिडतात. अंतराचा हिशेबही लक्षात ठेवा: नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ. तिथे शंभर ब्लॉक चालून दुसरं पोर्टल उभारलंत तर वर निघाल तेव्हा घर आठशे ब्लॉकांवर असेल. आत शिरतानाच पोर्टलचे कोऑर्डिनेट्स वहीत उतरवून घ्या. आणि हिऱ्याची साधनं पहिल्या फेरीत नेऊच नका. पहिली फेरी फक्त पाहणीची असू द्या, लोखंडी सामानावर.

यावर एक मोठा आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हा खेळ आहे, शोध घेण्यातच त्याची मजा आहे, मग सगळं आधीच सांगून टाकलं तर उरलं काय? पहिल्या रात्री मातीच्या खड्ड्यात बसून बाहेरचे आवाज ऐकण्याची भीती, पहिला क्रीपर मागून येऊन फुटल्याचा धक्का, हे अनुभव मार्गदर्शनाने हिरावून घेतले जातात असं म्हणणाऱ्यांचं दुःख मला पटतं. म्हणूनच या लेखात घर कसं बांधावं, कुठल्या जंगलात काय सापडतं, शेवटच्या ड्रॅगनपर्यंत कसं पोहोचावं, यातलं काही सांगितलेलं नाही. ते शोधताना होणाऱ्या चुका भरून येतात आणि त्या चुकाच आठवणी बनतात. पण दहा वर्षांचं मूल तीन आठवड्यांचं काम एका क्षणात गमावतं आणि खेळ कायमचा बंद करतं, तेव्हा त्याच्या शोधालाही तिथेच खीळ बसते. काही चुका माहीत असणं म्हणजे शोध मारणं असं मला वाटत नाही. त्या माहीत असतील तर शोध लांबवर चालतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. इतकं जपून खेळायचं तर मग सेटिंगमध्ये जाऊन मेल्यावर सामान अंगावरच राहील अशी सोय चालू करावी, किंवा पीसफुल पातळीवर खेळावं, जिथे राक्षस नाहीत आणि भूकही कमी होत नाही. लहान मुलांसाठी मी हे दोन्ही पर्याय बिनदिक्कत सुचवीन. त्यात फसवणूक काहीच नाही, खेळाने स्वतःच ते दिले आहेत. पण मोठ्यांनी निवड समजून करावी. सामान जाण्याची शक्यताच काढून टाकली की पेटी, बेड, मशाल, वही, ढाल या सगळ्यांचं महत्त्व एकदम उतरतं, कारण त्यांना अर्थ त्या शक्यतेमुळे होता. आणि जास्त जपणं हीसुद्धा एक चूक आहे, ती क्वचितच कोणी सांगतं. पुष्कळ खेळाडू हिरे सापडले की पेटीत कुलूपबंद ठेवतात आणि लोखंडी कुदळीनेच खणत राहतात, उत्तम खाणं वाईट दिवसासाठी राखतात. पेटीत पडून असलेला हिरा सुरक्षित आहे, पण तो काहीच करत नाही. तीन हिऱ्यांची कुदळ ऑब्सिडियन फोडते, जे दुसऱ्या कुठल्याही साध्या कुदळीने मिळत नाही; म्हणून पहिले तीन हिरे तिच्यातच घाला. भरून न येणाऱ्या चुकांपासून स्वतःला वाचवण्याचा हेतू एवढाच की बाकी सगळ्या बाबतीत सढळ हाताने खेळता यावं. सावधगिरी सगळीकडे सारखी पसरली की खेळ कंटाळवाणा होतो.

शेवटची चूक खेळाच्या बाहेरची आहे, आणि तिच्यापुढे लाव्हासुद्धा किरकोळ ठरतो. आपल्याकडे बरीच मुलं हा खेळ घरातल्या फोनवर खेळतात. त्यांनी महिनोन् महिने बांधलेलं जग साधारणपणे त्या फोनवरच, त्या अ‍ॅपच्या स्वतःच्या साठवणीत असतं. फोनमध्ये जागा कमी पडली, कोणी तरी सहज अ‍ॅप काढून टाकलं आणि आठवड्याने पुन्हा घेतलं, की ते जग परत येत नाही. फोन बदलला, बिघडला, दुरुस्तीत पुसला गेला, तरी तेच. अशा जगाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. बेडरॉक आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये अगदी खाली ते एक्स्पोर्ट करण्याची सोय आहे. त्यातून एक फाइल तयार होते, ती दुसऱ्या फोनवर, संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवता येते. जावा आवृत्तीत सेव्ह्ज नावाचा फोल्डर कॉपी केला की काम होतं. खेळाची नवी आवृत्ती घेण्यापूर्वी, नेदरमध्ये पहिल्यांदा उतरण्यापूर्वी, आणि फोन दुसऱ्याच्या हातात देण्यापूर्वी अशी एक प्रत काढून ठेवा, तिला तारखेचं नाव द्या. पालकांनाही माझी विनंती आहे: फोन साफ करायला घेतलात की त्या अ‍ॅपला हात लावण्याआधी मुलाला एकदा विचारा.